मूग, सात हजार दोनशे

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, सोमवार

प्रिय संगू,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. आत जे निघालं ते लिहून कळवते, म्हणजे वाटेत काही गळालं असेल तर तुला समजेल. काळे टी-शर्ट दोन, चिठ्ठीवर किंमत प्रत्येकी आठशे नव्याण्णव. राजकन्यासाठी कानात घालून गाणी ऐकायचं यंत्र एक, त्याची किंमत तू नखानं खरवडून टाकलीस, म्हणजे जास्तच असणार. अम्मारच्या अम्मीनं दिलेला खजुराचा डबा एक, त्याला किंमत नाही. त्यांना माझा सलाम सांग, डबा रिकामा परत यायचा नाही. वर पोस्टाचे एकशे बारा. सगळं वहीत मांडलं, सवयच आहे ती, पण टी-शर्टच्या आकड्यापाशी हात थांबला. संगू, आठशे नव्याण्णवमध्ये अण्णांचे बनियन किती येतात हे दुकानात वाढलेल्या मुलाला मी काय सांगावं. खाकी कागद आणि सुतळी जपून ठेवली आहे. हे पत्र राजकन्याच्या मागल्या वर्षीच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, तेव्हा वरच्या कोपऱ्यात 'रसायनशास्त्र' दिसलं तर पान उलटसुलट करत बसू नको.

फोन का केला नाही म्हणशील. घरातला फोन अण्णांच्या खिशात. राजकन्याच्या फोनवरून बोलायला गेलं की तू "हां वैनी, बरं वैनी" करतोस, मी "जेवलास का" विचारते, आणि बोलायचं ते बाजूलाच राहतं. मॅट्रिकला मराठीत मला चांगले मार्क होते, बाईंनी माझा निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. त्याचा काही उपयोग नको का व्हायला. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तू तिसरीत होतास आणि तुझं पाटीवरचं शुद्धलेखन मीच तपासायची, तेव्हा माझं अक्षर तुला लागेलच.

घरी सगळं ठीक. सोयाबीनची आवक जोरात आहे, मार्केट यार्डाच्या रस्त्याला ट्रॅक्टर उभे असतात, त्यामुळे अण्णा जेवायला उशिरा येतात आणि ताटाकडे न बघता जेवतात. राजकन्या बारावीचा अभ्यास करते असं म्हणते, मी विश्वास ठेवते. माझे सोमवार चालू आहेत. सिद्धेश्वराला पायी जाते, रिक्षाचे वाचतात आणि वाटेत नामस्मरण होतं. अण्णांचा डावा गुडघा जरा धरतो. जिना चढताना "शिव शिव" म्हणतात, पण चढतात. हे जिन्याचं मुद्दाम लिहून ठेवते.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघे भाऊ, तू आणि अण्णा, दोन वर्षं झाली, एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत. ह्या दोन वर्षांत मी कोणाची बाजू घेतली नाही, आजही घ्यायची नाही. पण त्या संध्याकाळचं मला जसं दिसलं तसं एकदा लिहू दे. गणपतीत आपल्या गल्लीच्या मंडळापुढे तुझा आणि अम्मारचा पहिला कार्यक्रम होता. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी यार्डातले चार आडते ओढून आणलेले, "आमचा संगू वाजवणार हाय" म्हणून. तुम्ही ते डबे मांडले, वायरी जोडल्या आणि तो खालून येणारा, घुमत घुमत वर चढणारा आवाज काढला. खुर्च्यांचे पाय थरथरले. माझ्या हातातल्या ताटातली हळदीकुंकवाची कुयरी वाजायला लागली. आणि तेवढ्यात लाईट गेली. सगळी गल्ली हसली. अण्णा म्हणाले, "ह्याच्यापरीस मळणीयंत्र बरं, निदान डिझेलवर तरी चालतंय." आडते हसले म्हणून अण्णांनी ते आणखी एकदा म्हटलं. पहिल्यांदा म्हणाले ती थट्टा होती, संगू. दुसऱ्यांदा म्हणाले ते तुला लागलं. घरी येऊन तू पिशवी भरलीस आणि उंबऱ्यावर म्हणालास, "आता ह्या घरात माझा आवाज यायचा न्हाई, अण्णा." अण्णांनी मान वर केली नाही. पुढे नांदेडहून कळलं की तुम्ही तुमच्या वाजवायच्या पार्टीचं नाव 'भारनियमन' ठेवलं. विजेवर चालणाऱ्या पार्टीला असलं नाव, म्हणून लोक हसले. मी हसले नाही. मला कळलं की ती लाईट तुझ्यासाठी अजून आलेली नाही.

इकडे अण्णांनी तुझं नाव घेतलं नाही. रागानं म्हणावं तर तसंही नाही. दुकानाच्या दारातली भावाची काळी पाटी तुला आठवत असेल. सकाळी सौदा झाला की अण्णा यार्डातून यायचे, तू शाळेच्या कपड्यात खडू घेऊन उभा, आणि रोज एकच प्रश्न, "काय भाव निघाला, अण्णा?" ते सांगायचे, तू लिहायचास. तूर, मूग, उडीद, हरभरा. तुझा सात इतका लांब शेपटीचा असायचा की खालच्या ओळीतल्या उडदापर्यंत जायचा. शेतकरी म्हणायचे, "संगूचा सात दिसला की मूग वर गेला समजायचं." ती पाटी अजून तिथंच आहे. अण्णा रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसतात आणि तशीच कोरी टांगतात. किशन हमालानं एकदा विचारलं, मालक लिहीत तर न्हाई, मग पुसताव कशाला. अण्णा म्हणाले, धूळ बसती. घरात कडधान्याचा एवढा व्यापार, पण सगळ्यात जास्त मूग तुम्ही दोघा भावांनीच गिळले.

ह्या वर्षी राखीपौर्णिमेनंतर नवा मूग यायला लागला तेव्हाची गोष्ट. दुकानापुढे जहिराबादचा एक ट्रक भरत होता आणि ड्रायव्हरनं केबिनमध्ये गाणं लावलं होतं. किशननं मला नंतर सांगितलं, "वैनी, मालक मुठीत मूग घेऊन उभेच राहिले. मापाडी भाव इचारून राहिला आणि मालक ट्रकच्या टायराकडं बघून राहिले." अण्णांनी ड्रायव्हरला विचारलं, हे काय लावलंय. तो म्हणाला, "सेठ, ये तो बहुत चल रहा है, नांदेड के लडके हैं." अण्णांनी मुठीतला मूग परत पोत्यात सोडला. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुतले, पूजा केली, आणि भस्माचा हात पुसत राजकन्याला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते मळणीयंत्राचं गाणं हाय म्हणं एक. लाव बरं."

राजकन्यानं लावलं. नाव दिसलं, 'भाव निघाला का?' मला वाटलं भजन आहे, आत भक्तिभाव असणार, म्हणून मी पदर सावरून बसले. सहा मिनिटं झाली तरी शब्द काही आला नाही. नुसता तो खालचा आवाज, गणपतीतलाच, पण आता मोठा झालेला. कुठून तरी येतो, दारापाशी थांबतो, आत येऊ का नको असं करतो आणि परत जातो. मला गाण्यातलं कळत नाही, मला वाटलं ते लिहिलं. आवाज संपला तरी अण्णा फोनकडे बघत होते. मग राजकन्या म्हणाली, आई, गंमत तर खाली आहे, आणि लोकांनी लिहिलेलं वाचायला लागली.

संगू, तुमचे चाहते किती भांडतात रे. शेकड्यांनी लोक, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, हा आवाज कोणत्या सिंथेसायझरचा. (हा शब्द राजकन्यानं माझ्याकडून पाठ करून घेतला. आपल्याकडे असल्या सगळ्याला कॅसिओच म्हणतात.) ती वाचत होती आणि अण्णा ऐकत होते. एक म्हणतो, हा मूगच आहे. दुसरा म्हणतो, मूग नाही, जपानी माल आहे. तिसरा म्हणतो, खरा मूग एवढा जाड नसतो. चौथा म्हणतो, हा जुना मूग आहे, नव्या मुगात असा दम नाही. इथं अण्णांनी मान डोलावली. म्हणाले, "ह्याला कळतंय. औंदा पावसानं दाणा काळा पडला, दम न्हाईच." राजकन्या हसून हसून पलंगावर पडली. मग तिनं समजावलं की मूग हे अमेरिकेतल्या एका माणसाचं आडनाव, त्याच्या नावाची यंत्रं असतात, जुनं एखादं लाखालाखांना जातं. अण्णा म्हणाले, "लाखाचा मूग. किती क्विंटल?" पोरीनं परत पहिल्यापासून समजावलं.

दुसऱ्या दिवशी सौदा झाल्यावर अण्णांनी दुकानात बसून, एका बोटानं, त्या भांडणाच्या मधोमध लिहिलं, 'मूग ७२००.' बस, एवढंच. राजकन्यानं अण्णांच्या फोनवर खातं काढून दिलं तेव्हा नाव घालायचा कंटाळा केला होता, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे आणि चित्राच्या जागी सूर्यफूल. आम्हाला दोघींना वाटलं, ह्यांना अजून कळलेलंच नाही, गिऱ्हाईक मूग मागतंय असं समजून भाव टाकला. मी म्हटलं, अहो, ते यंत्र आहे, खायचा मूग नव्हे. तर म्हणाले, "कळलं की. मी काय येडा हाय का." आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी परत लिहिलं, 'मूग ७३५०.'

पुढं जे झालं ते तुला माहीत असणार, तरी आमच्या स्वयंपाकघरातून ते कसं दिसलं ते वाच. संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि राजकन्या वाचायची. तुमच्या लोकांना वाटलं हा माणूस आतला आहे, ह्याला यंत्राचा नंबर माहीत आहे. सात हजार दोनशे नंबरचा मूग शोधायला लोक कुठल्या कुठल्या जुन्या याद्या काढून बसले. मिळेना, तर म्हणाले कंपनीनं एकच बनवला असणार, गुपचूप. सात हजार तीनशे पन्नास आल्यावर एकानं लिहिलं, म्हणजे आत दोन आवाज आहेत, एक जरा खाली लावलेला आणि एक जरा वर, म्हणून तर असं घुमतं. त्या आठवड्यात पाऊस झाला, माल ओला आला, भाव सहा हजार नऊशेवर उतरला. अण्णांनी इमानानं तोही लिहिला. तर लोक म्हणाले, बघा, यंत्र उतरवून लावलं. एका गोऱ्या माणसानं मूग ह्या शब्दाचं भाषांतर करून बघितलं, त्याला 'कडधान्य' असं आलं, तेव्हा त्यानं कडधान्य हे त्या यंत्राचं टोपणनाव असावं असं ठरवलं. अमावस्येला यार्ड बंद, त्या दिवशी आकडा आला नाही. पुढच्या अमावस्येलाही नाही. झालं, एक जण कॅलेंडर घेऊन बसला आणि त्यानं शोध लावला की हे यंत्र चंद्रावर चालतं. मी हसले की तव्यावरची भाकरी करपली.

एक रेणापूरचा मुलगा होता बिचारा. त्यानं लिहिलं, "अरे येड्यांनो, हा लातूरच्या मार्केटचा मुगाचा भाव हाय." त्याला सगळ्यांनी मिळून झोडपलं. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये, असं त्याला सुनावलं. तो गप्प बसला. संगू, तो कोण असेल त्याला तुमच्या पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट फुकट द्या.

गल्लीतही आता सगळ्यांनी ते गाणं ऐकलंय. गिरणीवाल्या वहिदाभाभी म्हणतात, हा आमच्या गिरणीचा पट्टा आहे, संगूनं लहानपणी दळण आणताना ऐकला. मठातले स्वामी म्हणाले, शंख. किशन म्हणतो, रेल्वे. ज्याला त्याला वाटतं तो आवाज आपल्या घरातून गेला. मला तसं काही वाटत नाही. यंत्र आहे तर यंत्राचाच असेल, तुझ्या आणि अम्मारच्या कष्टाचा असेल. पण अण्णा काय म्हणाले ते तुला सांगते, कारण ते तुला कोणी सांगणार नाही. आपले अण्णा मूग कसा बघतात ते तू पाहिलंयस, एका मुठीतून दुसऱ्या मुठीत सोडतात आणि कान देतात. वाळलेला दाणा खडखड वाजतो, ओला असला की दबून पडतो. गेल्या गुरुवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी डबा घेऊन गेले होते. अण्णा फोन कानाशी धरून तुझं गाणं ऐकत होते, डोळे मिटून, अगदी तसंच. मला बघून फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "मळणीयंत्र न्हाई हे. ह्यात ओल हाय." तुमचे इंग्रजी लोक म्हणतात ह्या आवाजात ऊब आहे. अण्णा म्हणतात ओल आहे. माझ्या मते दोघंही एकच सांगतात.

आणि त्याच दिवशी मला दुसरंही दिसलं. भाव लिहून झाला की अण्णा फोन लगेच ठेवत नाहीत. खाली कोणी काय लिहिलं ते बघतात. परक्यांचं वाचत नाहीत, बोटानं सारत जातात. कोणाचं तरी शोधतात, सापडत नाही, मग फोन खिशात घालतात आणि पाटीकडे बघून किशनला हाक मारतात. तिथं उभी असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाण्याचं नाव काय, 'भाव निघाला का?' तिसरीतल्या पोरापासून जो प्रश्न रोज सकाळी दारात उभा राहायचा, तोच तू विचारलास. आणि अण्णा रोज सौदा झाला की त्याचं उत्तर देतात. जगाला वाटतं यंत्राचा नंबर चाललाय, मला वाटलं म्हाताऱ्यासारखी चूक चाललीय, आणि हा माणूस आपल्या भावाशी बोलतोय. दोन वर्षांनी तोंड उघडलं ते मुगाचा भाव सांगायला उघडलं, कारण त्यांना दुसरं कसं बोलायचं ते येत नाही.

मी त्याच दिवशी तुला लिहिणार होते, तेवढ्यात तुझं पार्सल आलं. टी-शर्ट उलगडला तर छातीवर पांढऱ्या अक्षरात, 'मूग ७२००.' राजकन्या ओरडलीच. म्हणाली, आई, काकांनी चाहत्यांच्या कोड्याचा टी-शर्ट काढला, आणि त्यांना माहीतच नाही कोडं कोणी घातलं. मीही आधी तसंच समजले. पण मी हिशेब ठेवणारी बाई आहे, कपडा हातात आला की मी आधी शिवण बघते, मग माप. एक टी-शर्ट लहान, तो राजकन्याचा. दुसऱ्याच्या गळ्याला चिठ्ठी, डबल एक्सेल. मी असलं घालत नाही. तू पहिल्यापासून काडी. आपल्या घरात डबल एक्सेल पोट एकच आहे. मग मी अक्षराकडे बघितलं. छापील नव्हतं ते, खडूनं लिहिल्यासारखं होतं, आणि साताची शेपटी खाली पार शिवणीपर्यंत गेलेली. बाई गं, म्हटलं, हा संगूचा सात. म्हणजे तुला कळलं होतं. रेणापूरच्या पोरानं सांगायच्या आधीच, पहिल्या दिवशी आकडा बघितला तेव्हाच कळलं असणार. भाव कोणी सांगितला ते तुला कळलं आणि नेहमीसारखा तू तो लिहून टाकलास. पाटी तेवढी बदलली.

अण्णा जेवत होते. मी टी-शर्ट समोर धरला. घास तसाच राहिला. मग डावा हात पुढे करून त्यांनी बोटानं तो सात वरून खालपर्यंत गिरवला. म्हणाले, "भाव त्या दिवशीचा बरोबर हाय." आणि सातावरून बोट काढत, "शिळा झाला पण." एवढं बोलून उठले, भात तसाच टाकून. दुसऱ्या दिवशी कपाटात टी-शर्ट दिसेना. शनिवारी कपडे भिजवायला घेतले तर जाड पांढऱ्या शर्टाच्या आत तो निघाला, घामानं भिजलेला, यार्डाची धूळ फक्त गळ्यापाशी. आठशे नव्याण्णवचा बनियन घालून हा माणूस सौद्याला उभा राहिला, आणि कोणाला पत्ता नाही. वहीत मी ती रक्कम आता 'कपडे' ह्या सदरात टाकली आहे. आधी 'उधळपट्टी'त होती.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. काल चहाच्या वेळी अण्णा बशीत बघत म्हणाले, "नांदेडला मुगाला जरा बरं हाय म्हणून ऐकतो. भाव नक्की कळला तर एखाद्या सोमवारी जाऊन येतो म्हणतो." संगू, ह्या साली आपल्याकडचा मूग केव्हाच विकून झाला. दुकानात असेल तर नमुन्याची पिशवी, किलो दोन किलोची. आणि आपल्या दुकानाचा दाणा आजवर कधी नांदेडच्या मोंढ्यातल्या बाजारात गेलेला नाही. राजकन्यानं लगेच फोनवर नांदेडचा भाव काढून दाखवला, तर तिला म्हणाले, "फोनवरच्या भावावर माल हलवत नसतेत. तिथल्या माणसानं सांगावं लागतं." मग माझ्याकडे न बघता विचारलं, इतवाऱ्यात अम्मारच्या अब्बांचं, लालमहंमदभाईंचं, मोटार वायंडिंगचं दुकान बसस्टँडपासून किती लांब, आणि वर, तू राहतोस तिथं, जायला जिना कसला आहे. मी म्हटलं, लोखंडी आहे म्हणे, अम्मारच्या अब्बांनी कठडा लावून घेतलाय. "मग जमंल," म्हणाले. तेव्हा तू एक कर. लांबलचक उत्तर लिहू नको, माफी मागू नको, त्यांच्या माफीचीही वाट बघू नको, ते दोघांनाही जमायचं नाही. एक साधं पोस्टकार्ड घे, दुकानाच्या पत्त्यावर, अण्णांच्या नावानं. मोंढ्यात स्वतः जाऊन विचार, कारण खोटा भाव त्यांना वासावरून कळतो, आणि तुझ्या हातानं, तुझ्या त्या लांब शेपटीच्या आकड्यात, फक्त नांदेडचा मुगाचा भाव लिही. भाव कमी असला तरी चालेल. सोमवारच्या पहिल्या गाडीत मी त्यांना बसवून देईन, आणि माझं अर्धं तिकीट लागतं म्हणून कदाचित मीही येईन, खजुराचा डबा भरून. भाव उलट टपालानं कळव.

तुझीच,
शिवकांता वैनी